मंजूच्या आकाशगंगेत माझी लुडबुड

आधी एक कबूल करा. मी काय सांगते ते ऐकून हसायचं तेवढं हसा, पण माझ्या मुलीला जाऊन सांगायचं नाही की आईनं हे आम्हाला सांगितलं. ती या विषयावर अजून माझ्याशी धड बोलत नाही. तोंडानं मी आजवर पुष्कळ घोळ घातलेत, पण भर परीक्षेत घोळ घालणारी मी एकटीच असेन. आणि परीक्षा माझी असती तर एक वेळ चाललं असतं हो. परीक्षा तिची होती!

मी चौथी शिकलेली बाई, कराडकडची. नवऱ्याची नोकरी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, त्यामुळे लग्न झाल्यापासून चेन्नईत. तमिळ येतं, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. तेवढं मला पुरतं. पण मनातलं खरंखुरं बोलायचं तर मराठीच लागते. आणि मराठीचा इथे काय फायदा असतो म्हणून सांगू! ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्या समोर उभं राहून बोलता येतं. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात. त्याला काय कळतंय? बँकेत मी यांना मोठ्यानं म्हणते, "अहो, ह्या मेल्याचं तोंड बघा, एरंडेल प्यायल्यासारखं!" आणि तो मेला माझ्याकडे बघून हसून म्हणतो, "उक्कारुंगम्मा." बसा म्हणतो! इतकी वर्षं हे सुख मी पोटभर उपभोगलं.

यांना ते आवडायचं नाही. यांना तसं काहीच आवडत नाही. ते सोडा.

तर आमची मंजू. एकुलती एक. शिकत गेली, शिकत गेली, आम्ही बघत राहिलो. शेवटी पीएचडीला बसली. शेजारची विचारायची, "मंजू काय शिकते?" मी सांगायचे, "आकाशातलं लोहचुंबक." ती विषयच बदलायची. मलाही पुढे काही सांगता यायचं नाही, म्हणजे बरंच होतं ते.

पण परीक्षा जवळ आली तशी मंजू रोज संध्याकाळी मला समोर बसवून बोलायचा सराव करायला लागली. आधी इंग्रजीत बोलायची, मग मला मराठीत सांगायची. म्हणायची, तुला समजलं तर कुणालाही समजेल. मी म्हटलं, ही स्तुती आहे का गं?

"गॅलेक्सी म्हणजे ताऱ्यांची आणि वायूची फिरती थाळी," ती म्हणाली. "भोवऱ्यासारखे हात असलेली. आपली आकाशगंगा तशीच एक."

"आणि तिच्यात लोहचुंबक कुणी नेऊन ठेवलं?"

"कुणी नाही. त्या वायूतच चुंबकत्व असतं. पण फार कमजोर. आपल्या फ्रिजवर तो गणपती चिकटवलाय ना, त्याच्यापेक्षा लाखो पटींनी कमजोर."

"अगं मग एवढ्याशासाठी इतकी वर्षं घालवलीस?"

"आई! सुरुवातीला ते याहूनही कितीतरी कमी होतं. जवळजवळ नव्हतंच. ते वाढलं कसं, हाच तर माझा विषय!"

"विरजण," मी म्हटलं. "चमचाभर लावलं की पातेलंभर दही. त्यात अभ्यास कसला करायचा?"

मंजू हसली. म्हणाली, "सुरुवात तशीच होते. पण नुसतं लावून भागत नाही. चल, दाखवते." आणि मला कोपऱ्यावरच्या परोट्याच्या दुकानापाशी घेऊन गेली. इथला परोटा म्हणजे आपला पराठा नव्हे बरं का. मैद्याचा गोळा घेऊन तो परोटेवाला, म्हणजे इथला 'मास्टर', आपटतो, हवेत फिरवून धोतरासारखा पातळ करतो, मग त्याला पीळ देऊन चक्रीसारखा गुंडाळतो. भाजला की आत पदरच पदर.

"बघ," मंजू म्हणाली, "तारे फुटतात तेव्हा आजूबाजूचा वायू घुसळून निघतो. आणि गॅलेक्सी फिरताना आतला भाग भरभर फेरी मारतो, बाहेरचा मागे पडतो. त्या ओढाताणीत चुंबकाच्या रेषा ताणल्या जातात, पिळल्या जातात, घडीवर घडी पडते. परत ताण, परत पीळ, परत घडी. असं करत करत चुंबकत्व वाढतं. याला डायनॅमो म्हणतात."

"सायकलचा असतो तो?"

"त्याच्याच भाऊबंदांतला."

मला पटलं. इतकं पटलं, की त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, अर्धी पीएचडी आपलीच आहे.

आता इथली रीत अशी, की शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर घेतात. बाहेरून एक मोठा परीक्षक येतो, मुलगी उभी राहून बोलते, तो प्रश्न विचारतो आणि मागे कुणीही येऊन बसावं. आईबाप येतात, मित्रमैत्रिणी येतात, नंतर केसरी म्हणजे इथला शिरा, वडे, कॉफी. मी रव्याचे लाडू करून नेले होते. यांनी कारखान्यातून सुट्टी घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जसं काही मुलगी बघायला आलेत.

पण जिवाला घोर होता. पुण्याच्या एका कॉलेजात मंजूची नोकरी ठरली होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पास झाल्याचा कागद घेऊन या, नाही तर जागा दुसऱ्याला देऊ. म्हणजे त्या दिवशी काही राहिलं, 'सुधारून परत या' म्हणाले, की नोकरी गेली. मंजू रात्रभर झोपली नव्हती. सकाळी मला एकच गोष्ट सांगितली.

"आई, तू फक्त बसायचं. एक शब्द बोलायचा नाही. शिंक आली तरी बाहेर जायचं."

"मी कशाला बोलतेय?" मी म्हटलं.

हसू नका. खरंच असं म्हटलं होतं मी.

परीक्षक आले. निवृत्त झालेले, वयस्कर. कपाळाला बारीक उभं गंध, खिशाला दोन पेनं, चेहरा असा की घरातलं मीठ संपलंय. सगळे त्यांना राव सर, राव सर करत होते. शिपायाशी तमिळ बोलले, मंजूला पीएचडीसाठी शिकवणाऱ्या मॅडमशी इंग्रजी. "राव आहे, म्हणजे तेलुगू असणार," मी यांना सांगून मोकळी झाले. आम्ही बसलो दुसऱ्या रांगेत. परीक्षक आमच्या पुढ्यात, पहिल्या रांगेत. हात लांब केला असता तर त्यांची कॉलर नीट केली असती मी.

मंजू बोलली. काय बोलली हो! एकदा अडखळली नाही. पडद्यावर त्या गॅलेक्सीचं चित्र, तिच्यावर निळ्या-तांबड्या रेषा. माझी छाती भरून आली. आणि मग सुरू झाले प्रश्न.

पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. मंजूनं उत्तरं दिली, परीक्षकांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. उठतील आता. मी यांच्या कानाशी वाकले. कानाशी म्हणजे काय, माझा कानाशी बोलायचा आवाजसुद्धा चार घरं ऐकतात.

"चला, सुटली पोर. हा म्हातारा दिसतो तसा वाईट नाही."

परीक्षक मागे रेलले. जरा थांबले. आणि म्हणाले, "वन मोर क्वेश्चन."

"घ्या!" मी म्हटलं. "चांगलं म्हणायची सोय नाही."

"हळू गं," हे म्हणाले.

"कोणाला कळतंय?"

मंजूनं उत्तर दिलं. परीक्षकांनी आणखी एक विचारला. मग आणखी एक. आणि मी काय करणार हो? माझा जीव वर-खाली होत होता. जीव वर-खाली झाला की माझं तोंड आपोआप चालतं.

"अहो, हा घरून भांडून आलाय. बायकोचा राग माझ्या पोरीवर काढतोय."

"अगं, गप."

"एवढं जाडजूड पुस्तक लिहिलं तिनं, ह्यानं उघडून तरी बघितलंय का? पानं बघा कशी कोरी करकरीत!"

"वन मोर," परीक्षक म्हणाले.

"कानातले केस कापायला वेळ नाही मेल्याला, पोरीचा जीव घ्यायला बरा वेळ आहे!"

परीक्षकांचा हात हळूच कानाकडे गेला. खाज आली असेल, मला वाटलं. देवाशप्पथ, मला एवढंच वाटलं!

एव्हाना मंजूच्या कपाळावर घाम. पाणी प्यायली तर पेला दातांवर वाजला. मध्येच तिनं माझ्याकडे बघितलं, डोळे मोठे करून, मान अशी थोडीशी हलवून. मी काय समजले? पोर अडकलीय, आईकडे मदत मागतेय. आता बघा, आईनं अशा वेळी काय करावं? हाताची घडी घालून बसावं?

तेवढ्यात परीक्षकांनी पेन खाली ठेवलं, पुढे वाकले आणि एक लांबलचक प्रश्न विचारला. मला इंग्रजी येत नाही, पण महिनाभर तेच तेच ऐकून काही शब्द ओळखीचे झाले होते. त्या प्रश्नात मला 'सीड' ऐकू आलं, 'स्मॉल' ऐकू आलं, शेवटी 'एनर्जी' ऐकू आलं. सीड म्हणजे बी. बी म्हणजे काय? आपलं विरजण! अहो, हे तर मला येत होतं!

मंजू उत्तर शोधतेय. पडद्याकडे बघतेय.

"विरजण!" मी म्हटलं.

मंजूची पाठ ताठ झाली.

"अगं विरजण सांग! विरजण!"

आणि रात्रभर न झोपलेल्या त्या पोरीनं, आईचं ऐकायची लहानपणापासूनची सवय, मुकाट्यानं म्हटलं, "फ्रॉम द सीड, सर."

मंजूच्या मॅडमनी डोळे मिटून घेतले. मागच्या रांगेत कुणीतरी 'अय्यो' म्हणालं. परीक्षक शांतपणे म्हणाले, "इज दॅट युअर आन्सर?"

एवढं इंग्रजी मलाही कळलं. मंजूचा चेहरा पिठासारखा पांढरा. "नो सर... आय मीन..." आणि मला वाटलं, घाबरून बरोबर उत्तर मागे घेतेय! माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची नोकरी निघाली हो गाडीत बसून. मी अर्धी उठले.

"अगं, डगमगू नको! विरजणच! त्या थेरड्याला काय कळतंय!"

परीक्षक वळले. हळूच वळले, मान नाही, अख्खी खुर्ची घेऊन वळले. चष्मा काढला. आणि म्हणाले,

"बाई, त्या थेरड्यास अस्कं कळतंय."

मराठीत.

मला एक क्षण वाटलं हेच बोलले. यांच्याकडे बघितलं, तर हे खुर्चीसकट एक वीत बाजूला सरकले होते. ओळख नसल्यासारखे.

"आम्हीं तंजावरचे," परीक्षक पुढे म्हणाले. बोलणं मराठी, पण चाल सगळी तमिळ, एकेक शब्द जुन्या ट्रंकेतून काढून झटकून ठेवल्यासारखा. "आमचे पणजोबांचे पणजोबा हीच भाषा बोलत. तर बाई, मी विचारतोंय तें निराळें. चमचाभर विरजण लावलें, ठीक. पण पातेलंभर दूध कोठून आलें? तें विरजणांत होतें काय?"

मी मान हलवली. नाही.

"मग थोडकं उगी रहा. पोरीस सांगूं द्या."

अस्कं म्हणजे सगळं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळं! म्हणजे बायकोचा राग. म्हणजे कोरी पानं. म्हणजे कानातले... अरे देवा! मी मटकन बसले. लाडवांचा डबा मांडीवर होता, तो छातीशी धरला. मॅडमनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की चौथीत मी पाटी फोडली होती तेव्हा गुरुजींनीसुद्धा बघितलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, परीक्षेत मागून उत्तर सांगणं म्हणजे कॉपीच ना? आणि तीही चुकीची! लोक निदान बरोबर कॉपी तरी पुरवतात!

मी पदराचा बोळा तोंडात धरला. खरंच धरला. आता परीक्षा कशाची, पोरीला उभी जाळायची तेवढी बाकी ठेवली होती मी.

मंजूनं मात्र डोळे पुसले. एक लांब श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, बरं केलं. आणि बोलायला लागली. इंग्रजीतच, पण हातांनी ती ताणत होती, पीळ देत होती, फिरवत होती. परोटेवाल्या मास्टरसारखे हात! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बळ असतं ते मास्टरच्या दंडात. त्या फिरण्यात, त्या घुसळण्यात. तिथून ते चुंबकात येतं. पहिलं बी नुसतं सुरुवातीपुरतं. पुढे ते कुठलं होतं याची गॅलेक्सीला आठवणसुद्धा राहत नाही. हे मंजूनं मला घरी सांगितलं होतं. सांगितलं होतं हो! पण मला माझं विरजण आवडलं होतं ना.

परीक्षकांनी आणखी एक प्रश्न विचारला. हे मग वाढतच का जात नाही, असा काहीसा. मंजू मूठ आवळून म्हणाली, चुंबकत्व जोरदार झालं की तेच वायूला अडवतं, वायूला मग त्याला आणखी वाकवता येत नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त परीक्षकांच्या पाठीकडे बघत होते. पाठ काही बोलत नव्हती.

मग ते जरा थांबले. मान किंचित मागे, जसं काही वाट बघतायत. मी पदर आणखी आत कोंबला. श्वाससुद्धा घेतला नाही.

"नो मोर क्वेश्चन्स," ते म्हणाले. पुस्तक मिटलं.

आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. दार बंद. आत ते आणि मॅडम.

"आई," मंजू म्हणाली. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "तू काय काय बोललीस त्यांना?"

"फार काही नाही."

"कानातले केस म्हणालीस," हे म्हणाले. एरवी या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही!

"बाबा, अजून काय म्हणाली?"

"थेरडा. मेला. बायकोशी भांडून आलाय."

मंजू भिंतीला टेकली आणि खालीच बसली. "गेलं," म्हणाली. "सगळं गेलं."

कुणाला भ्यायले नाही मी जन्मात, सासूला नाही, घरमालकाला नाही. पण त्या बंद दाराला भ्यायले. "मी आत जाते," म्हटलं. "पाय धरते त्यांचे. सांगते, मला शिक्षा करा, पोरीला नको."

"आता तू आत गेलीस," हे म्हणाले, "तर मी इथून गुम्मिडिपूंडीला चालत जाईन आणि परत येणार नाही."

दार उघडलं.

परीक्षक बाहेर आले. चेहरा तोच, मीठ संपल्याचा. मंजू उभी राहिली. मी डबा धरून उभी. ते मंजूसमोर आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर."

टाळ्या. मंजू रडायला लागली, हे रडायला लागले, मॅडमनी तिला जवळ घेतलं. मी रडले नाही. मी सरळ परीक्षकांसमोर जाऊन उभी राहिले. चूक केली तर तोंडावर कबूल करायची, तेवढी धमक आहे माझ्यात.

"सर, चुकले मी. काय वाट्टेल ते बोलले. तुम्ही पोरीला एवढे प्रश्न विचारत होतात, माझा जीव राहिना. तुम्ही थांबेनातच!"

ते हसले. पहिल्यांदाच. हसल्यावर वीस वर्षांनी लहान दिसायला लागले.

"बाई, तें तर माझेंच चुकलें," म्हणाले. "पोरीचें काम चोख आहे. मी दोनदां वाचलेंय. पानें कोरीं दिसतात, कारण मी पुस्तक जपून वापरतों. माझे प्रश्न दोन होते. ते विचारून झाले, मी उठणारच होतों."

"मग?"

"मग मागून मराठी ऐकूं आली." चष्मा पुसायला लागले. "बायको गेल्यापासून घरांत कोणी बोलत नाही हो. मुलगे तमिळ बोलतात, नातवंडं इंग्रजी. आणि इथें मी एक प्रश्न विचारला, कीं मागून दोन वाक्यें! आणखी एक विचारला, कीं आणखी तीन! कान तृप्त झाले. म्हणून विचारत राहिलों. शेवटीं तुम्ही उगी राहिलात. मी वाट पाहिली. मग म्हटलें, आतां काय मजा? संपवलें."

मी डब्यातून एक लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला, दुसरं काय करणार?

मागे वळले तर मंजू उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणजे तो घाम, तो दातांवर वाजणारा पेला, ते पिठासारखं तोंड... माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. विषय बदलावा म्हणून मी घाईनं म्हटलं, "चला, झालं गेलं. आता पुण्याची तयारी. मी येते हो तुझ्याबरोबर. घर लावून देते, कॉलेजात सगळ्यांच्या ओळखी करून घेते, महिनाभर राहते चांगली."

मंजूनं माझ्या हातातला डबा घेतला, झाकण घट्ट लावलं.

"आई, तू इथेच बरी," म्हणाली. "पुण्यात सगळ्यांनाच मराठी कळतं."